बाराव्या वेळी

सिरसाळ्याच्या स्टँडवर बीडची एसटी लागली आणि पहिल्याच पायरीवर शिवकन्येचा श्वास अडकला. हातापायांना मुंग्या, छातीत नुसती धडधड. ती उतरली आणि मटकन खाली बसली.

"झालं चालू हिचं!" आप्पा खेकसले. चार लोकांत ऊठबस असलेला बाप. लेकीचा असा तमाशा त्यांना सोसत नव्हता. "आज न्हाई चढलीस तर कॉलेज बंद."

दुपारी तिची नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि वेळेवर पोचवणारी गाडी हीच.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "फिट आली, फिट! चप्पल लावा नाकाला!" असला सल्ला द्यायला आपल्याकडे डॉक्टर असावं लागत नाही. आप्पांनी पायातली चप्पल काढून पोरीच्या तोंडावर दाबली. होता तो श्वासही गेला.

तिने डोळे मिटले. कॉलेजातल्या ज्योत्स्ना मॅडमनी शिकवलं होतं, मन म्हणालं की मी मरणार, तर त्याला विचारायचं, पुरावा काय? आणि भीती जायची वाट बघत बसायचं नाही, हातातलं काम करायचं.

शिवकन्येने चप्पल हिसकावली आणि उभी राहिली.

सगळं स्टँड बघायला लागलं. लेकीच्या हातात बापाची चप्पल! मार चुकवावा तसा आप्पांनी चटकन तोंडापुढे हात धरला. ते बघून तिला भडभडून आलं, पण राग त्याहून मोठा होता.

"अकरा बार आलंय हे मला, आप्पा. दर बारीला वाटलं, मरते आता. मेले का? मग चप्पल कावून हुंगवता?"

तिने वाकून चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली. "घाला. डांबर तापलंय." मग पिशवी उचलली.

"आता चढलीस तर माघारी येऊ नको!" मघाशी चढत नाही म्हणून ओरडणारा बाप ओरडला.

ती चढली. छाती तशीच धडधडत होती. कंडक्टर घंटीची दोरी धरून तिच्याकडे बघत राहिला.

"बरं वाटायलंय का, ताई?"

"न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "बीडचं अर्धं तिकीट द्या."