दादूचं वय

नलूवहिनींच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. ‘भावजी, मच्छीमार सोसायटीच्या कंप्युटरवर ह्यांचं वय यंदाबी वाढलंय. प्रोग्राम तुमीच बघता. म्हंजे हे हायत ना?’

त्यांचा नवरा दादू काही वर्षांपूर्वी मुरब्याच्या बंदरातून बोट घेऊन गेला, तो वादळात नाहीसा झाला.

वाढतं वय थांबवायला बसलो, तर डेटाबेसमध्ये वयाचा रकानाच सापडेना. शेवटी मुलीला विचारलं.

उन्नती हसली. “बाबा, वय साठवलेलंच नाहीये. प्रोग्राम ते दरवेळी जन्मतारखेवरून काढतो. मृत्यूची तारीख भरा, थांबेल.”

“कुठली भरू?”



आज उत्तर पेटीत टाकलं : ‘वहिनी, कंप्युटरला फक्त जन्म माहीत आहे. पुढची तारीख तुम्ही सांगाल, तेव्हाच भरीन.’