जोसाया पेलचं पत्र

"मरायच्या आठ दिवस आधी त्याने विलायतेतल्या बायकोला पत्र लिहवून घेतलं," क्षिप्रा म्हणाली. "स्वतः लिहायची ताकद हातात उरली नव्हती. घर बघून ठेवलंय, मुलांना घेऊन पहिल्या बोटीने ये, असं त्यात होतं."

टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत दुपारचे चार वाजले होते. ऊन असं की फेरीला आलेल्या नऊ जणांपैकी सात जण झाडाखालून हलायला तयार नव्हते. भिंतीत बसवलेल्या दगडावर एवढंच कोरलेलं होतं: जोसाया पेल, खोगिरं बनवणारा, डेव्हनचा, वय एकतीस, १८६१.

सेंगकांग उपनगरात मुलाकडे राहायला आलेल्या शैलाकाकूंनी ओढणीने डोळे टिपले. "म्हणजे आपल्याकडचा जीनगरच की गं. बिचारा! पोरांचं तोंडसुद्धा दिसलं नाही."

"हो ना," क्षिप्रा म्हणाली.

पत्र तिने रचलेलं होतं. पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवताना ती एका चुकीच्या तळटिपेवरून मुलांना फैलावर घ्यायची. इथे परदेशात नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर आल्यापासून शनिवारी हौसेने इंग्रजीतून गाइडचं काम करायची. दोन वर्षांपूर्वी लोक घामेजून मोबाइल बघायला लागले, तेव्हा ते पत्र तिच्या तोंडून निघून गेलं. मग ते दर शनिवारी थोडं थोडं वाढत गेलं. घराचं वाक्य तर मागच्याच महिन्यातलं.

फेरी संपली, लोक पांगले. एक गोरी म्हातारी तेवढी काठी टेकून दगडापाशी उभी राहिली. फेरीभर ती एक शब्द बोलली नव्हती.

"मी जूडिथ. जोसाया पेल माझे खापरपणजोबा."

निघालेली क्षिप्रा जागीच थांबली.

"आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नाही. बायको हॅना आणि तीन मुलं टाकून पळालेला माणूस. हॅनाने लोकांचे कपडे धुऊन मुलं वाढवली. मरेपर्यंत तिला यांची एक ओळ आली नाही. घरातला पुरुष जरा उशिरा आला, की माझी आई म्हणायची, पेलच्या वळणावर गेला." जूडिथने दगडावर तळवा टेकला. ती रडत होती आणि हसतही होती. "आणि यांनी पत्र लिहिलं होतं! वाटेत गहाळ झालं असेल, नाही?"

क्षिप्राने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"बसा जरा," ती म्हणाली. बाकावर तिला बसवून ती समोर उभी राहिली. "पत्र नव्हतं. म्हणजे, असेलही. कुणालाच माहीत नाही. या दगडावर आहे तेवढंच माहीत आहे. बाकीचं मी मनाने सांगितलं."

"घर?"

"तेसुद्धा."

जूडिथने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग तिने विचारलं, "का गं?"

"लोक ऐकायला लागले," क्षिप्रा म्हणाली.

जूडिथने पर्समधून फोन काढला. आता आपली तक्रार होणार, असं क्षिप्राला वाटलं. व्हावीच, असंही वाटलं.

"माझी बहीण, एनिड. अठ्ठ्याऐंशीची आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. दगड बघून ये म्हणून तिनेच मला पाठवलं. तिकडे आता सकाळ असेल." जूडिथने नंबर लावून फोन पुढे केला. "तिला मघाचंच सांग."

"नाही हो. आत्ता तर मी तुम्हाला..."

"मला खरं सांगितलंस, बरं केलंस. ते मी बघेन. पण मला खोटं बोलता येत नाही, ती लगेच ओळखेल. तुला येतं."

फोनमधून बारीक आवाज आला. क्षिप्राने तो कानाला लावला. पहिल्या वाक्याला तिचा आवाज कापला, दुसऱ्याला स्थिरावला. ताप, लिहून देणारा शेजारी, बघून ठेवलेलं घर, पहिली बोट. सगळं नीट ओळीने आलं.

पलीकडे नुसती धाप ऐकू येत होती.

"घर बघून ठेवलं होतं?" एनिडने विचारलं.

"हो."

"आणि ती गेली नाही."

क्षिप्रा घाईने म्हणाली, "पत्र पोचलंच नसेल कदाचित."

"पोचलं असणार. हॅना हट्टी होती. आम्ही सगळ्या तिच्यावरच गेलोय." एनिडला खोकल्याची उबळ आली. "घर तयार होतं, आणि ही बाई गेली नाही. तो तिकडे एकटा मेला. दीडशे वर्षं आम्ही त्याला शिव्या घातल्या."

"अहो, ऐका तरी..."

जूडिथ तिची बाही ओढत होती. "काय म्हणते? बरं वाटलं ना तिला?"

"आणि मी दर ईस्टरला हॅनाच्या थडग्यावर फुलं ठेवत आले," फोनमधला आवाज म्हणाला. "हॅनाच्या!"