पंपाचं पातं

रंगाई कारखान्यातल्या मशीनमधून निघालेलं निळं कापड विरूपाक्ष मास्तरांनी उजेडात धरलं. कुठे गडद, कुठे फिकं. शाळेच्या गणवेशाचा आणखी एक गठ्ठा वाया गेला होता.

"वाफ घाईनं सोडलीस," ते मशीन चालवणाऱ्या दस्तगीरला सगळ्यांदेखत म्हणाले. "पाणी हळूहळू तापलं नाही की रंग असाच बसतो. मीच शिकवलंय ना तुला?"

"हळूहळूच तापवलं होतं, मास्तर."

"मग हे काय आहे? तुझा हात आता पूर्वीचा राहिला नाही."

दस्तगीरनं वाफेची चावी फिरवून बंद केली. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलाच नाही.

नव्या माणसाच्या हातूनही कापड तसंच निघालं, तेव्हा मास्तरांनी मशीन उघडायला लावलं. पंपाचं पातं झिजलं होतं. रंगाचं पाणी सगळ्या कापडातून सारखं फिरतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते दस्तगीरच्या घरी गेले. "दोष पंपाचा होता. चूक माझी. उद्यापासून ये."

दस्तगीरनं चहा पुढे केला. "राग नाही, मास्तर. पण आता नाही जमायचं. तुम्ही म्हणालात म्हणून मला ते खरंच वाटलं. वाफेच्या चावीला हात लावायचा म्हटलं तरी आता भीती वाटते."

"तुझ्यासारखा हात कारखान्यात कुणाचा नाही," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत हे आपण पहिल्यांदाच बोलतोय, हे बोलतानाच त्यांच्या लक्षात आलं.

दस्तगीर नुसता हसला. "चहा घ्या," तो म्हणाला, "गार होतोय."