शिशाचं सील

"तुम्ही मीटरची केबल काढून ठेवता," सुधाकर जीपखालून बाहेर येत म्हणाला. "वर्षभरात गाडी अठ्ठ्याऐंशी किलोमीटर चालली? कंपनीला एवढं भोळं समजू नका."

सुधाकर नागपूरच्या डीलरचा तपासनीस होता आणि आज गॅरंटीचा शेवटचा दिवस होता. जीपचे मालक पुंडलिकराव सौंसरच्या आपल्या अंगणात खाटेवर बसले होते. कुबडी मांडीवर आडवी. त्यांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, हातातली कपबशी खाली ठेवली. पलीकडे निंबाखाली पांढुर्ण्याचा मिस्त्री गुणवंता एक पोतं घेऊन सकाळपासून बसला होता. पोत्यात काय आहे ते देवकाबाईंना माहीत होतं, म्हणून त्याला चहा मिळाला नव्हता.

पोत्यात हातपंपाचा दांडा होता.

पुंडलिकरावांचा डावा पाय तरुणपणी पांढुर्ण्याच्या गोटमारीत, पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेत, गेला. त्याची गॅरंटी कुणी घेतली नव्हती. क्लच मात्र डाव्याच पायानं दाबायचा असतो. म्हणून जीप घरी आली त्याच आठवड्यात गुणवंतानं हा दांडा क्लचला जोडून दिला आणि नाल्यासाठी जाडे टायर टाकले. उजवा हात दांड्यावर, डावा गिअरवर आणि स्टिअरिंग तेवढ्यापुरतं जामसांवलीच्या मारुतीवर, अशा रीतीनं पुंडलिकराव रोज दोन नाले ओलांडून चार कोसांवरच्या संत्र्याच्या बागेत जात. मारुतीनं कधी तक्रार केली नाही. तक्रार गिअरबॉक्सनं केली.

डीलरनं गिअरबॉक्स फुकट बदलून दिला. अट एवढीच, की गाडी कंपनीनं दिली तशी करा आणि एक वर्ष तिच्यात काही बदल करणार नाही असं लिहून द्या. दांडा निघाला. कंपनीचे नवे टायर आले. पेडलच्या जोडाला तार गुंडाळून वर शिशाचं सील लागलं. पुंडलिकरावांनी सही केली, आणि सही केली म्हणजे केली. गाडी अगदी कंपनीसारखी झाली. मालक कंपनीसारखा नव्हता, पण फॉर्मात त्याचा रकाना नव्हता.

एक ड्रायव्हर ठेवून पाहिला. बागेची एकच चक्कर झाली. त्यानं गिअर बदलला की शेजारी बसलेल्या पुंडलिकरावांचा उजवा हात आपोआप ओढला जाई आणि कोपर त्याच्या बरगडीत बसे. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मग बैलगाडी झाली. ती पहिल्याच नाल्यात कलंडली आणि देवकाबाईंनी तीही बंद केली.

तेव्हापासून बाग राखणदार मोतीरामच्या तोंडून पाहायची. तो दर सोमवारी येऊन सांगायचा, "सगळं ठीक हाय, मालक." एवढं ठीक पुंडलिकराव स्वतः जात होते तेव्हाही नव्हतं. मागच्या सोमवारी त्यानं टोपलीभर संत्री आणली. पुंडलिकरावांनी एका फळावर नख ओढलं. नख काळं झालं. कोळशी. ही काळी बुरशी पानांवर चढली की झाड फळ धरत नाही, मग उभं वाळतं. किती झाडांवर चढली, असं विचारलं तर मोतीराम म्हणाला, "ठीक हाय." त्या दिवसापासून पुंडलिकरावांचं जेवणात लक्ष नव्हतं. ते गॅरंटीचे दिवस मोजत होते.

"मला रिपोर्ट करावा लागेल," सुधाकर म्हणाला. "गॅरंटी रद्द होईल."

"आत्तापासूनच?" पुंडलिकरावांनी विचारलं. त्यांचा आवाज एवढा मऊ घरात कुणी ऐकला नव्हता.

देवकाबाई मध्ये पडल्या. "असं नका करू जी, साहेब. मी रोज हळदकुंकू लावून राहिली तिले. फाटकाच्या बाहेर काढू देत नाही. चाकं तरी पाहा."

सुधाकरनं चाकं पाहिली. टायरच्या कडेला नव्या रबराचे केस तसेच उभे होते. गिअरपासून स्टिअरिंगपर्यंत कोळ्यानं निवांत जाळं विणलं होतं. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती साहेबासाठी उठली नाही.

"माफ करा, पुंडलिकराव," तो ओशाळून म्हणाला. "आठ वर्षं हेच काम करून राहिलो. इतकी सांभाळलेली गाडी पाहिली नाही."

त्यानं पुंडलिकरावांच्या सहीच्या जुन्या कागदावर 'अट पाळली' असं लिहून तो त्यांच्या हातात दिला. मग बॅगेतून दुसरा कागद काढला. उत्तम देखभालीबद्दल गॅरंटी आणखी एक वर्ष वाढवायचा अधिकार त्याला होता. तो वापरायची वेळ आजवर कोणत्याही ग्राहकानं आणली नव्हती. शिक्का उठला. देवकाबाईंनी दोन्ही हात जोडले आणि पेढ्यासाठी आत धावल्या.

निंबाखाली गुणवंतानं पोत्याचं तोंड पुन्हा बांधायला घेतलं.

सुधाकरनं नवं सील आणि पक्कड काढली. पुंडलिकराव कुबडीवर उठले. जीपपर्यंत सात पावलं होती. ती त्यांनी सावकाश टाकली.

"साहेब, ती पक्कड इकडं द्या जरा."

म्हातारा मदतीला येऊन राहिला, असं सुधाकरला वाटलं. त्यानं पक्कड दिली. पुंडलिकराव दाराला टेकून आत वाकले. कोळ्याचं जाळं फाटलं. तार तुटल्याचा एकदाच आवाज झाला आणि शिशाचा गोळा घरंगळत अंगणात आला.

"हे काय केलंत तुम्ही?" सुधाकरच्या हातात नवं सील तसंच राहिलं. "आता या गाडीशी कंपनीचा काही संबंध नाही."

"म्हंजे आजपासून माही झाली," पुंडलिकराव म्हणाले.