वहिनींची सनद

भाऊसाहेबांच्या कपाटाच्या तळाशी, जुन्या निकालपत्रांखाली वकिलीची सनद निघाली. नाव बाईचं, साल एकोणीसशे एकाहत्तर.

"वहिनी, ही कुमारी मालती सबनीस कोण हो?" हेमांगीने विचारलं.

"मीच की!" वहिनी हसल्या.

हेमांगीने सनदेवरचं नाव पुन्हा वाचलं. तीस वर्षं ती या वहिनींच्या हातचा चहा पीत आली होती. त्यांचे यजमान भाऊसाहेब तिचे गुरू. ती पहिल्यांदा कोर्टात आली तेव्हा सगळे वकील हसले होते, आणि भाऊसाहेबांनी तिला आपल्या शेजारी खुर्ची दिली होती. बायका वकिलीत यायलाच हव्यात, असं ते ठणकावून सांगत. उद्या त्यांच्या शोकसभेत ती हेच बोलणार होती.

"मग तुम्ही वकिली का नाही केलीत?"

"लग्न झालं, मुलं झाली. हे म्हणायचे, एका घरात दोन वकील म्हणजे रोज सुनावणी! मुलं मोठी झाल्यावर मी विषय काढला होता गं. पण तीन वर्षं काम केलं नाही की सनद रद्द होते ना."

"असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? हेच."

"वहिनी, सनद अशी रद्द होत नाही. अर्ज केलात तर ही आजही चालेल."

वहिनींनी सनद हातात घेऊन पदराने पुसली.

"अगं, पण ह्यांना तर सगळा कायदा तोंडपाठ होता."