मिस्त्रीचं नाव

फॉर्ममध्ये तीन रकाने होते. मशीनचा नंबर, मालकाचं नाव आणि धुराचा फिल्टर ज्याने काढला त्या मिस्त्रीचं नाव. पहिले दोन प्रभुलिंगने झटक्यात भरले. तिसऱ्याशी येऊन पेन अडलं.

"काढलाच नसेल तर कोरा सोडा," टेबलापलीकडून सिद्धेश्वरी मॅडम म्हणाल्या. जुळे सोलापुरात हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचा पाया खणायचा होता आणि त्या कामावर त्या इंजिनिअर होत्या. "पण बुधवारी आम्ही प्रत्येक मशीन उघडणार. फिल्टर नाही सापडला तर मशीन कायमचं बाहेर. आज लेखी कबूल केलंत तर महिन्याची मुदत. नवा बसवा आणि काम करा."

"आन् मिस्त्रीचं काय?"

"ते प्रदूषण मंडळाचं कार्यालय बघेल. भिंतीपलीकडे पेशंट आहेत. इथं धूर चालणार नाही."

प्रभुलिंगकडे एकच पोकलेन होतं, मैंदर्गीची चार एकर जमीन विकून घेतलेलं. हे काम गेलं तर वर्षभर दुसरं मोठं काम नव्हतं, आणि एकदा बाहेर काढलेलं मशीन पुन्हा कोण बोलावतो?

गेल्या उन्हाळ्यात हेच मशीन मेल्यागत झालं होतं. धूर साफ करायला टाकीत घालतात तो पातळ युरिया संपल्याचा दिवा लागला, आणि ड्रायव्हर कल्लप्पाने उसासाठी आणलेल्या पोत्यातला युरिया बादलीत कालवून टाकीत ओतला. खत ते, त्याने कुठला धूर साफ होतोय? मशीन रांगायला लागलं. तेव्हा कुणीतरी अक्कलकोट रोडच्या इसूफ मिस्त्रीचं नाव सांगितलं. युरिया, फिल्टर, सगळी भानगडच मुळापासून काढून टाकतो, अशी त्याची ख्याती होती.

"दोन दिस मशीन हितं ऱ्हाईल," इसूफ म्हणाला होता. "तू थांबायचं न्हाय. माजं काम मी कुणाला दावत न्हाय."

दोन दिवसांनी मशीन तरतरीत झालं होतं.

"फिल्टर काढलाय," इसूफने हात पुसत सांगितलं. "पन टाकीत चांगला, विकतचा युरिया घालत जा. न्हायतर पंप अडकतो. आन् सहा म्हयन्यानं एकदा आनून सोड. कुटं बोलू नको."

प्रभुलिंग कुठे बोलला नाही, पण मनातून खूश होता. फिल्टर काढूनही धूर काळा येत नव्हता. म्हाताऱ्याच्या हाताला गुण आहे, असं त्याला वाटायचं. सहा महिन्यांनी तो न चुकता मशीन सोडून आला.

गॅरेजमागच्या खोलीच्या दारात इसूफची बायको लालबी तोंडाला पदर लावून बसलेली असे. तिला श्वास पुरत नव्हता. "पंचवीस वर्षं ह्या धुरात काढली तिनं," इसूफ एकदाच म्हणाला होता. घरात ही गत, आणि हा बाबा लोकांचे फिल्टर काढत बसलाय, हे प्रभुलिंगला खटकलं होतं. पण आपल्याला काम झाल्याशी मतलब, म्हणून त्याने तो विषय वाढवला नाही.

"मिस्त्रीचं नाव न लिवता चालंल का?" त्याने विचारलं.

"अर्धी कबुली आम्ही घेत नाही."

गरज सरो, वैद्य मरो. ही म्हण आपल्याला लागू पडेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याला लाज वाटली, मनापासून वाटली. तरी त्याने लिहिलं, इसूफ मिस्त्री, अक्कलकोट रोड. आणि खाली सही ठोकली.

बुधवारी सकाळी तो साइटवर उभा असताना इसूफचा फोन आला.

"प्रभू, गॅरेजला सील ठोकलं. पाने, जॅक, समदं नेलं. लालबी रस्त्यावर खुर्ची टाकून बसलीया. रोडवर ट्रक चालू हायेत, तिला सोसंना. माजं नाव कुणी दिलं, काय कानावर आलं का तुज्या?"

"न्हाय की, इसूफभाई."

पलीकडून खोकला ऐकू आला. तो लालबीचा होता.

"असू दे. तुजं बी मशीन आज तपासालेत म्हनं. भिऊ नको. तुज्या मशीनला काय व्हत न्हाय."

बिचारा आपल्याला धीर देतोय, आणि आपण सही करून मोकळे झालो. प्रभुलिंगने फोन ठेवला.

कबुली दिलेली मशीनंसुद्धा उघडत होते. काय काय काढलंय त्याची नोंद करायची होती. पाळी आली तशी कंपनीच्या फिटरने पोकलेनचं मागचं झाकण उचललं, नटबोल्ट सोडले, आणि टॉर्च मारून आत डोकावला. मग त्याने आत बोट फिरवलं आणि मॅडमना हाक मारली. मॅडमनी वाकून पाहिलं. हातातला फॉर्म पाहिला, आणि मग प्रभुलिंगकडे पाहिलं.

"ह्यांनी असं का लिवलं, मॅडम?" फिटर म्हणाला. "फिल्टर जागेवर हाय की. आन् कुणीतरी लई जीव लावून साफ केलाय."