हिरवा खिळा

मेस्त्रीने सीटखालचं झाकण उघडलं, एकदा मागे वळून पाहिलं आणि मागचा मालाचा हौदा उचलणाऱ्या पंपाची वायर जराशी सैल केली. मग झाकण होतं तसं बसवून तो डंपरच्या केबिनमधून खाली उतरला. स्वतःच्याच शेडमध्ये चोरासारखं वावरायची वेळ आली होती.

ब्रेकला किंवा चाकांना त्याने मेला तरी हात लावला नसता. हौदा उठला नाही तर कुणाला इजा होत नाही, फक्त गाडी खाणीत उतरत नाही. त्याला तेवढंच हवं होतं.

शेडची रीत ठरलेली होती. सकाळी मेस्त्री प्रत्येक डंपर तपासायचा. तेल, पाणी, टायर, ग्रीस, हवेच्या टाकीत साचलेलं पाणी आणि शेवटी हौदा वर-खाली. गाडी धड असली की तिची किल्ली हिरव्या खिळ्यावर, नसली की लाल खिळ्यावर. ड्रायव्हर भिंतीकडे बघायचे आणि निघायचे. किल्ली चुकीच्या खिळ्यावर लागली असेल, अशी शंका आजवर कुणाला आली नव्हती.

आणि आता तो आपल्या मुलाच्या गाडीची किल्ली लाल खिळ्यावर अडकवत होता.

मागच्या महिन्यात खाणीत उतरणाऱ्या रस्त्याची कड खचली. एक डंपर माणसासकट खाली गेला. त्याच्या मागच्याच गाडीत मेस्त्रीचा मुलगा होता. कडेला मुरूम टाकून दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं. "पोराला घरी ठेवणार का?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मेस्त्री सगळ्यांदेखत म्हणाला होता, "माझं पोरगं आहे ते. कच्च्या काळजाचं नाही." मुलगा शेजारीच उभा होता. तो तसाच गाडीत चढला.

त्या दिवशी तो परत येईपर्यंत मेस्त्रीच्या जिवात जीव नव्हता. पण एवढी फुशारकी मारल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा रे, नको जाऊस?

मुलाची गाडी लाल खिळ्यावर गेली की बदली ड्रायव्हर जादाचा डंपर काढायचा. त्याला सगळे लंबू म्हणत. केबिनमध्ये पाय दुमडून बसताना तो ओरडायचा, "मेस्त्री, एवढं सगळं दुरुस्त करता, माझे पाय तेवढे कापून द्या ना!" सगळे हसायचे. मेस्त्रीही हसायचा. मग लंबूची गाडी वळणाआड गेली, की हातातली ग्रीसगन तशीच धरून बसायचा. आपलं पोरगं मागे ओढून आपण दुसऱ्याचं पुढे ढकललं, हे त्याला धड कामही करू देत नव्हतं.

मुलाने तर कधी कुरकुर केली नाही. "बाबा, घाई करू नका," तो म्हणायचा. "नीट बघून घ्या." हाताला तेल लागू देत नाही म्हणून शेडमध्ये त्याला साहेब म्हणत. तो साहेब आता बापाशेजारी उकिडवा बसून विचारायचा, "ही कशाची वायर? ही सुटली तर काय होतं?" मेस्त्री सांगायचा आणि मनात शरमेने मरायचा. पोराचा केवढा विश्वास आपल्यावर!

त्याचं डोकंही ठिकाणावर नव्हतं. एखाद्या सकाळी झाकण उघडावं, तर वायर आधीच सैल. काल आवळायची राहिली वाटतं, असं पुटपुटत तो झाकण लावायचा. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती, जिथला पाना तिथेच लागावा म्हणून. त्यातली तेरा नंबरच्या पान्याची जागा बरेच दिवस रिकामी होती. पाना जागेवर नसला की शेड डोक्यावर घेणारा हा माणूस. आता स्वतःच कुठेतरी हरवून बसला होता. म्हणून गप्प होता.

"अहो, पोराला काहीतरी होतंय," बायको म्हणाली. "ताटावर बसतो आणि उठतो. झोपेत दचकतो."

"सारखी गाडी बंद पडते. वैतागला असेल," मेस्त्री म्हणाला. मग त्यानेही ताट बाजूला सारलं.

एक दिवस लंबू आपल्या तान्ह्या मुलीला शेडवर घेऊन आला. तिला मेस्त्रीच्या हातांत देत म्हणाला, "हे मेस्त्रीकाका बरं का. हे गाडी बघतात म्हणून तुझा बाबा रोज घरी येतो."

मेस्त्रीने पोर घाईघाईने परत केलं. हात खराब आहेत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुलाच्या गाडीची वायर आवळली, गच्च आवळली. सगळी गाडी तपासली. हौदा वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला, पुन्हा खाली घेतला. कुठे काही खोट निघाली असती तर त्याने देवाचे आभार मानले असते. निघाली नाही. त्याने किल्ली हिरव्या खिळ्यावर लावली आणि शेडमागच्या नळावर जाऊन तो उगाच हात धूत राहिला. पोराची गाडी जाताना त्याला बघायची नव्हती.

परत आला तर मुलगा भिंतीपाशी उभा होता. किल्ली त्याच्या हातात होती.

"बाबा, हौदा उठत नाहीये. सीटखालची वायर सुटली असणार."

मेस्त्री हात पुसायचा थांबला.

"झाकण न उघडता कसं कळलं तुला?"

तेवढ्यात लंबू जादाच्या गाडीची किल्ली घ्यायला पुढे आला. "राहू दे रे साहेब. मी आहे ना!"

मुलाने त्याचं मनगट धरलं. "तू नको जाऊस."

"का रे?"

मुलाने बापाकडे पाहिलं. मग खिशातून तेराचा पाना काढला आणि भिंतीवरच्या रिकाम्या जागी नेऊन लावला.